चार महिने नुसतं जीनोटायपिंग करतेय, हे संशोधन आहे का?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तू बीएस्सी बायोटेक्नॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहेस. चार महिने झाले, आठवड्यातले तीन दिवस एका संशोधन संस्थेतल्या लॅबमध्ये जातेस. तिथे झेब्राफिशवर काम चालतं. या माशांच्या कोलॅजेनच्या एका जनुकात बदल आहे, त्यामुळे त्यांची हाडं ठिसूळ होतात. तुझ्या वाट्याला आलंय ते जीनोटायपिंग, म्हणजे कोणत्या माशात बदललेलं जनुक आहे आणि कोणत्यात नाही हे तपासणं. शेपटीचा तुकडा, त्यातून डीएनए, पीसीआर (हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं), एन्झाइमने कापणं, आणि तुकडे लांबीप्रमाणे वेगळे दिसावेत म्हणून जेल. ते जेलही निम्म्या वेळा नीट येत नाही. तुझ्या मावसबहिणीला ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा आहे, म्हणजे जरा धक्का लागला तरी हाड मोडतं. मावशी नातेवाइकांना सांगते की आमची पोर यावर औषध शोधतेय, आणि ते ऐकून तुला कसंतरीच होतं. तू तीन गोष्टी विचारल्यास: हे खरं संशोधन आहे की मी नुसती राबते आहे? दुसऱ्या एका लॅबमध्ये पेपरवर नाव देऊ म्हणताहेत, तिकडे जाऊ का? आणि बहिणीची तपासणी आमच्याच लॅबमध्ये करून घेता येईल का?

वयाने बरीच मोठी आहे म्हणून एकेरीत लिहिते. गेली वीसेक वर्षं मी हाड आणि कूर्चा कशी घडते यावर काम करते आहे. आधी उंदरांवर केलं, आता बहुतेक माशांवर. या काळात बीएस्सी-एमएस्सीची बरीच मुलं माझ्याकडे येऊन गेली. त्यातली जवळजवळ सगळी चौथ्या-पाचव्या महिन्यात तुझ्याच जागी येऊन पोचली होती.

मला विचारशील तर तुझी खरी अडचण जीनोटायपिंग नाहीच. तू जे रोज करतेस त्याच्यावर पुढे काय उभं राहतं, हे तुला कुणी बसवून दाखवलेलं नाही. त्यामुळे ते हमालीसारखं वाटतं. ते आधी दाखवते, मग बाकीच्या प्रश्नांकडे वळते.

कोलॅजेनपासूनच सुरू करू. हाडातलं टाइप वन कोलॅजेन म्हणजे तीन पेडांची वेणी. दोन पेड सीओएल१ए१ या जनुकावरून तयार होतात, तिसरा सीओएल१ए२ वरून. पेड घट्ट वळला जावा म्हणून त्यात दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सगळ्यांत छोटं अमिनो आम्ल असावंच लागतं. वेणीच्या आत तेवढीच जागा असते. त्या जागी दुसरं एखादं मोठं अमिनो आम्ल आलं की वेणी तिथे फुगते आणि वळायची थांबते.

आता कागद घे आणि हिशोब कर. समज, सीओएल१ए१ च्या दोन प्रतींपैकी एका प्रतीत ग्लायसिनचा असा बदल आहे. म्हणजे पेशीत तयार होणाऱ्या या पेडांपैकी निम्मे बिघडलेले. पण प्रत्येक वेणीत असे दोन पेड लागतात. दोन्ही चांगले असण्याची शक्यता अर्धी गुणिले अर्धी, म्हणजे पाव. उरलेल्या पाऊण वेण्यांत एक तरी पेड खराब. हाच बदल सीओएल१ए२ मध्ये असता तर निम्म्याच वेण्या बिघडल्या असत्या. आणि सीओएल१ए१ ची एक प्रत पूर्ण बंदच पडली असती, तर कोलॅजेन निम्मं झालं असतं, पण जे झालं असतं ते सगळं धड असतं. असा रुग्ण बहुतेक वेळा या आजाराच्या सौम्य गटात बसतो. थोडं पण चांगलं असलेलं कोलॅजेन हाडाला चालतं. भरपूर आहे पण त्यात खोट आहे, असं असेल तर हाड मोडतं. मुलं पहिल्यांदा हा हिशोब स्वतःच्या हाताने करतात तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो, म्हणून मी तो दरवर्षी फळ्यावर करून घेते.

हा हिशोब मुद्दाम सांगितला. तुझ्या लॅबमधली जी कुठली मांडणी असेल, ती याच एका गोष्टीवर उभी आहे: कोणत्या पिल्लाकडे बदललेली प्रत आहे आणि कोणाकडे नाही. हे ठरवणारं माणूस तू आहेस. बदललेल्या माशांचं हाड किती कमी, औषधाने ते किती सुधारलं, हे सगळे आलेख तुझ्या जेलच्या फोटोवरून आखले जातात. तू चूक केलीस तर त्या चुकीवर पुढे सगळे प्रामाणिकपणे काम करत राहतात.

माझ्याच लॅबमधली गोष्ट सांगते. आमच्या माशांच्या एका लाईनमध्ये, म्हणजे एका वंशात, सामान्य प्रतीत एन्झाइमची कापायची जागा होती आणि बदलामुळे ती पुसली गेली होती. म्हणजे सामान्य प्रत कापली जाणार, बदललेली अखंड राहणार. एक प्रत सामान्य आणि एक बदललेली असा मासा सामान्य माशाशी जुळवला होता, त्यामुळे पिल्लं निम्मी-निम्मी निघायला हवीत. एका विद्यार्थिनीने ४८ पिल्लं तपासली आणि वहीत लिहिलं: बदल असलेली ३५, सामान्य १३. तिच्या पुढचा माणूस ती यादी घेऊन कामाला लागला. तीन आठवड्यांनी आलेख आले. त्यात बदल असलेल्या माशांचं हाड कधी कमी, कधी अगदी सामान्य. आम्ही बसून बदलाचा परिणाम माशागणिक वेगळा का होतो यावर चर्चा करत होतो.

परिणाम अजिबात वेगळा होत नव्हता. ४८ मध्ये २४-२४ अपेक्षित असताना ३५-१३ येणं म्हणजे काय, हे कुणी पाहिलंच नव्हतं. काय-स्क्वेअर, म्हणजे अपेक्षित आणि आलेल्या आकड्यांतली तफावत मोजणारा आकडा, काढला तर दहाच्या वर जातं. ३.८४ च्या वर गेलं की शंका घ्यायची, हे आपण दुसऱ्या वर्षाला शिकतो. एन्झाइम जुनं झालं होतं, सामान्य प्रतही पुरती कापली जात नव्हती. न कापलेल्या तुकड्याचा बँड, म्हणजे जेलवरचा पट्टा, दिसला की ती पोर त्याला बदललेली प्रत समजत होती. चूक एकट्या तिची नव्हती. जेलवर ज्याची प्रत आधीपासून माहीत आहे असा सामान्य मासा आणि बदल असलेला मासा दरवेळी चालवायचा, हा नियम मीच लावलेला नव्हता. त्या दिवसापासून आमच्याकडे अशा माहीत असलेल्या माशांशिवाय, म्हणजे कंट्रोलशिवाय, जेल वाचायचं नाही. आणि प्रत्येक जोडीच्या पिल्लांचं गुणोत्तर वहीच्या पहिल्या ओळीत लिहायचं.

हीच गोष्ट माणसाच्या तपासणीत कशी उलटी फिरते ते बघ. अकॉन्ड्रोप्लेझिया हा बुटकेपणाचा सगळ्यांत जास्त आढळणारा आनुवंशिक प्रकार, साधारण २५,००० जन्मांमागे एक. एफजीएफआर३ या जनुकातल्या एकाच अक्षराच्या बदलामुळे जवळजवळ सगळे रुग्ण होतात. हे १९९४ साली सापडलं. बहुतेक रुग्णांत १,१३८ व्या जागी जी च्या ऐवजी ए येतो, आणि प्रथिनात ३८० व्या जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन. या बदलामुळे एसएफसी-वन या एन्झाइमची कापायची जागा नव्याने तयार होते. पीसीआरचा १६४ बेसचा (डीएनएच्या १६४ अक्षरांचा) तुकडा मग १०९ आणि ५५ असा कापला जातो. रुग्णाच्या जेलवर तीन बँड दिसतात: १६४, १०९, ५५. इथे एन्झाइम नीट चाललं नाही तर काय होईल? बदललेली प्रतही अखंड राहील, एकच बँड दिसेल आणि आजार असलेल्या बाळाला आपण सामान्य म्हणून मोकळे होऊ. आमच्या माशात अर्धवट कापण्याने निरोगी पिल्लू आजारी ठरलं. इथे आजारी बाळ निरोगी ठरेल. तुझ्या लॅबमध्ये एन्झाइम कोणती प्रत कापतं? हे पाठ असेल तर छान. नसेल तर उद्या पहिलं काम ते.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. जीनोटायपिंग हे संशोधन आहे का, हे तू ते कसं करतेस त्यावर ठरतं. नळीत नळी ओतली, फोटो काढला, लॅबमधल्या पीएचडीच्या ताईला पाठवला, तर ते काम आहे, आणि कामही प्रामाणिक आहे. पण गुणोत्तर बघितलंस, निम्म्या वेळा जेल का फसतं याचा शोध घेतलास, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघितलीस, तर तो तुझा पहिला प्रयोग. जेल फसण्याचं कारण माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं. शेपटीचा तुकडा फार मोठा घेतला जातो आणि डीएनएबरोबर बाकीचा गाळही येतो. किंवा सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळल्यावर ट्रिस घालून त्याचा अल्कलीपणा नीट घालवला जात नाही. किंवा एकच नमुना फ्रीजरमधून दहा वेळा आतबाहेर होतो. एका रांगेत आठ पिल्लं घे. चारांचे तुकडे छोटे घे, चारांचे नेहमीएवढे. बाकी सगळं तेच. एका संध्याकाळचं काम आहे आणि उत्तर तुझं स्वतःचं असेल.

प्लेटचं एक सांगून ठेवते. माशाचं शरीर एका ९६ वेलच्या, म्हणजे ९६ खळग्यांच्या, प्लेटमध्ये आणि त्याची शेपटी दुसऱ्या प्लेटमध्ये त्याच क्रमांकाला, अशी आपली पद्धत असते. प्लेट कधी उलटी फिरली की ए१ चं एच१२ होतं, म्हणजे पहिला खळगा शेवटचा होतो, आणि कुणाला पत्ता लागत नाही. आम्ही एच१२ मुद्दाम रिकामी ठेवतो. जेलवर रिकामी जागा सुरुवातीलाच आली तर प्लेट फिरलेली आहे, लगेच कळतं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण सगळ्या लॅब एकसारख्या नसतात. दवाखान्याशी जोडलेली लॅब असेल तर रुग्णांचे नमुने आणि त्यांची माहिती येते. तिथे नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची संमती यांशिवाय बीएस्सीच्या मुलाने फाईलही उघडू नये. पेशी वाढवणारी लॅब असेल तर पहिले दोन महिने संसर्ग होऊ न देणं एवढंच शिकण्यात जातात. उंदरांवर काम असेल तर प्राण्याला हात लावायला मान्यताप्राप्त प्रकल्पात तुझं नाव आणि प्रशिक्षण लागतं. आणि खरं सांगायचं तर बीएस्सीच्या मुलांना तिथे हाडांचे काप आणि रंगवणं एवढंच मिळतं. सहा-आठ आठवड्यांच्या उन्हाळी कामात जीनोटायपिंगच्या पुढे जाणं अवघड. एक वर्ष असेल तर एक छोटा प्रश्न पूर्ण होऊ शकतो. आणि या सगळ्यांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे रोज तुझ्या शेजारच्या बाकावर कोण उभं असतं. गाईड महिन्यातून एकदा भेटतात. पीएचडीची ताई किंवा दादा तुला रोज काय दाखवतात, त्यावरच तुझं वर्ष चांगलं की वाईट ते ठरतं.

तुझ्याकडे मासे आहेत, म्हणून माशांबद्दल थोडं जास्त लिहिते. तुझ्यापुढची पायरी बहुधा रंगवण्याची असेल. अल्शियन ब्लू कूर्चेला निळं करतं, अलिझरीन रेड कॅल्शियम बसलेल्या हाडाला लाल. उंदरात अल्शियन ब्लू ॲसिटिक ॲसिडमध्ये देतात. पण माशाच्या इवल्याशा पिल्लात आम्ल वापरलं की हाडातलं कॅल्शियमच निघून जातं आणि लाल रंग बसत नाही. म्हणून तिथे आम्लाऐवजी मॅग्नेशियम क्लोराइड घालून दोन्ही रंग देतात. पहिल्यांदा ग्लिसरॉलमध्ये स्वच्छ झालेलं पिल्लू भिंगाखाली बघशील तेव्हा थोडा वेळ काही मोजू नकोस, नुसतं बघ. खांद्याशी क्लायथ्रम नावाची लाल चंद्रकोर असते, ते अगदी सुरुवातीच्या हाडांपैकी एक. कल्ल्यावरच्या झाकणाचं पंख्यासारखं हाड तसंच लवकर येतं. मणके साधारण पाचव्या-सहाव्या दिवसापासून डोक्याकडून शेपटीकडे एकेक करून लाल होत जातात, माळेत मणी ओवावेत तसे.

या मण्यांचीच एक गोष्ट. एका वर्षी एका मुलाने सांगितलं, बदल असलेल्या पिल्लांत लाल झालेले मणके कमी आहेत. फोटो स्पष्ट होते, फरक उघड होता. मी विचारलं, पिल्लांची लांबी किती? त्याने मोजली नव्हती. दोन टाक्या होत्या. एकात गर्दी होती, तिथली पिल्लं खुजी राहिली होती, आणि बदल असलेली बहुतेक पिल्लं त्याच टाकीत होती. माशाचं वय दिवसांवर मोजायचं नसतं, लांबीवर मोजायचं असतं. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत. सारख्याच दिवसांची पण लहान राहिलेली पिल्लं वाढीतही मागे असतात. लांबीप्रमाणे जोड्या लावल्या तेव्हा फरक निम्म्याहून कमी झाला. थोडा राहिला, आणि तोच खरा होता. त्या मुलाला वाटलं त्याचं वर्ष वाया गेलं. मला वाटतं, त्या वर्षी लॅबमध्ये झालेलं सगळ्यांत चांगलं काम त्याचंच होतं. कारण त्याआधी आम्ही लांबी मोजतच नव्हतो.

यातून तुझ्यासाठी एक प्रश्न सुचतो. लाल मणके मोजायचं काम मागून घे, पण मोजताना कोणतं पिल्लू कोणतं हे तुला माहीत नको. तूच जीनोटायपिंग करतेस, म्हणून ते कठीण. ताईला सांग, फोटोंना नवे क्रमांक दे आणि यादी स्वतःकडे ठेव. तू मोज. दोन आठवड्यांनी तेच फोटो पुन्हा मोज. तुझीच दोन मोजमापं एकमेकांशी किती जुळतात? ती जुळत नसतील तर आजाराने पडलेला फरक पकडायचा कशाने? हा प्रश्न छोटा आहे, तुझ्या आवाक्यातला आहे, आणि त्याचं उत्तर तुझ्या लॅबच्या पुढच्या प्रत्येक आलेखाला लागेल.

मोजमापावर मी इतका जीव का टाकते, ते अकॉन्ड्रोप्लेझियाच्या औषधावरून कळेल. हाताची-पायाची हाडं आधी कूर्चेचा साचा म्हणून तयार होतात. हाडाच्या टोकाशी वाढीची तबकडी असते. तिथल्या कूर्चेच्या पेशी वाढतात, फुगतात, आणि त्यांच्या जागी हाड येतं. एफजीएफआर३ हा त्या वाढीवरचा ब्रेक. अकॉन्ड्रोप्लेझियातल्या बदलामुळे तो ब्रेक सतत दाबलेला राहतो. हे १९९४ मध्ये कळलं. २००४ मध्ये जपानमधल्या एका गटाने उंदरांत दाखवलं की सीएनपी नावाचा शरीरातलाच एक छोटा पदार्थ कूर्चेत जास्त असेल तर तो दाबलेला ब्रेक पुष्कळसा सैल होतो. पण सीएनपी रक्तात काही मिनिटंच टिकतं. मग त्याचा जास्त टिकणारा, ३९ अमिनो आम्लांचा भाऊ तयार झाला, व्होसोरिटाइड. रोज एक इंजेक्शन. मोठ्या चाचणीत १२१ मुलं होती, वर्षभर. औषध घेणाऱ्या मुलांची वाढ औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्या मुलांपेक्षा वर्षाला सरासरी १.५७ सेंटिमीटर जास्त झाली. यावर २०२१ मध्ये युरोपात आणि अमेरिकेत मंजुरी मिळाली. जनुक सापडल्यापासून सत्तावीस वर्षं.

१.५७ सेंटिमीटर. एखाद्या मुलाला सकाळी मोजलं आणि दुसऱ्याला संध्याकाळी, किंवा कुणी पाठ टेकवून उभं राहिलं आणि कुणी वाकून, तर एवढा फरक त्यातच बुडेल. ती मुलं दर वेळी सारख्याच पद्धतीने मोजणारं कुणीतरी होतं, म्हणून आज हे औषध आहे. हाडांच्या आजारात काम करायचं म्हणजे शेवटी लांबी, संख्या, कोन मोजणं असतं. ते काम तू आत्ताच शिकतेस.

आता मावशी. तिला खरं सांग, पण तिला कळेल असं सांग. "औषध शोधत नाही, मावशी. माशांमध्ये हाड कसं मोडकं घडतं ते बघतोय, म्हणजे पुढे औषध तपासायची वेळ आली तर ते लागू पडतं का हे कळेल." हे छोटं काम नाही. २००३ साली माशांचे एक्स-रे काढून हाडांचे दोष शोधताना 'चिहुआहुआ' नावाची एक लाईन सापडली. तिच्यात कोलॅजेनच्या याच जनुकात ग्लायसिनची जागा बिघडलेली आहे. पुढे इटलीतल्या पाव्हियाच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की ४-फिनाइल ब्युटिरेट हे, बिघडलेली प्रथिनं नीट घडी घालायला मदत करणारं रसायन दिलं की या माशांचं हाड सुधारतं. माशांत सुधारलं म्हणून मुलांना द्यायचं असं होत नाही. पण कुठला रस्ता तपासायचा हे त्यातून कळतं. मावशीला हे सगळं सांगायची गरज नाही. तिला एवढंच कळू दे की तुझ्या हातून आज तिच्या मुलीला औषध मिळणार नाही, आणि त्यात तुझा दोष नाही.

तिच्या मुलीला आज जे मिळायला हवं ते लॅबमध्ये नाही, दवाखान्यात आहे. लहान मुलांच्या हाडांचे डॉक्टर, हाड बळकट करणारी बिस्फॉस्फोनेटची औषधं लागत असतील तर ती, व्यायाम, गरज पडल्यास हाडासोबत लांब होणाऱ्या सळ्या. आणि जनुकीय सल्लागार. हे नियमित चालू आहे का, एवढी चौकशी तू बहीण म्हणून जरूर कर.

यातूनच तिसरं उत्तर येतं. तिची तपासणी तुझ्या लॅबमध्ये करायची नाही. कोणी "आपलीच आहे, काय हरकत आहे" म्हणालं तरी नाही. संशोधनाच्या लॅबमध्ये रुग्णाचा नमुना आणायला नैतिकता समितीची परवानगी लागते. तुमची लॅब माशांसाठी उभी आहे, तिथला निकाल दवाखान्यात ग्राह्य धरला जात नाही. मोठी भीती वेगळीच. जेल चुकलं आणि तू मावशीला चुकीचं सांगितलंस, तर पुढच्या बाळाबद्दलचे निर्णय त्यावर होतील. या आजाराचे बहुतेक रुग्ण सीओएल१ए१ किंवा सीओएल१ए२ मधल्या बदलामुळे असतात, पण काहींत दुसरीच जनुकं असतात आणि वारसा दोन्ही पालकांकडून येतो. तो फरक एका जेलवर दिसत नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आणि सल्लागार, तोच रस्ता. तिचा एक्स-रे किंवा फोटो लॅबच्या ग्रुपवर टाकू नकोस, 'उदाहरण म्हणून' सुद्धा नाही.

आता दुसऱ्या लॅबचं. पेपरवर नाव देऊ असं आधीच सांगणारा माणूस मला नेहमी खटकतो. नाव कामावरून ठरतं, आणि काम अजून झालेलं नाही. कदाचित चांगल्या मनाने म्हणाले असतील, पण विचार: माझा प्रश्न कोणता असेल? मला रोज कोण शिकवेल? मी मोजलेलं कोण तपासेल? याची उत्तरं सरळ आली तर जायला हरकत नाही. नुसतं 'पेपर येईल' असं आलं तर आहेस तिथे रहा. पुढे शिफारसपत्र लिहिताना आम्ही पेपरांची संख्या लिहीत नाही. "हिला एकदा दाखवलं की कंट्रोलशिवाय जेल वाचत नाही" असं एक वाक्य मी दोन मुलींबद्दल लिहिलं आहे. दोघींनाही पीएचडीसाठी जागा मिळाली.

एक शक्यता मात्र आहे. समज, तू ताईला मोजायचं काम मागितलंस आणि उत्तर आलं, "तू जेलच कर, तेच पुरे". मग गाईडना वेळ मागून भेट. तक्रार करायची नाही. वहीत काढलेलं गुणोत्तर आणि आठ पिल्लांचा छोटा प्रयोग घेऊन जा. मोठी मागणी करायची नाही, आठवड्यातला एक अर्धा दिवस माग. दोन महिन्यांत काही हललं नाही तर लॅब बदलायचा विचार कर. तेवढ्यात तू जे शिकली असशील ते दुसरीकडेही लागेल.

लॅब न मिळालेल्या मुलांसाठीही दोन ओळी. क्लिनव्हार ही जनुकबदलांची खुली यादी आहे. इंडिजेन या सीएसआयआरच्या (भारताची वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) प्रकल्पात १,०२९ भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती आहे. हाडांच्या आनुवंशिक आजारांच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ७७१ आजार आणि ५५२ जनुकं आहेत. यातला एकच आजार घ्या. भारतात तुलनेने जास्त दिसणारा प्रोग्रेसिव्ह स्यूडोऱ्हुमॅटॉइड डिसप्लेझिया चांगला आहे, कारण तो सांधेदुखी म्हणून चुकीचा ओळखला जातो. त्याच्या सीसीएन६ या जनुकातले बदल खुल्या यादीत आणि भारतीय माहितीत एकमेकांशी ताडून बघा. संगणक आणि चिकाटी एवढंच लागतं.

तुझ्याकडे परत येते. उद्या लॅबमध्ये गेलीस की गेल्या चार महिन्यांतल्या सगळ्या जेलचे फोटो बाहेर काढ. प्रत्येक जोडीच्या पिल्लांत बदल असलेली किती आणि सामान्य किती, वेगळं लिही. जिथे गुणोत्तर अपेक्षेपासून लांब आहे त्या तारखांवर गोल कर. मग त्या दिवशी एन्झाइमची कुठली बाटली वापरली होती, कंट्रोल लावला होता का, हे वहीत शोध. काय सापडलं ते मला लिही, मी बघते.